गौण खनिज, गौण माणसं : उपनगरांतल्या खदानींचा न लिहिलेला इतिहास

आपल्या तरुण पोरांमध्ये सध्या ओसाड जागा बघायला जायचं वेड आहे. बंद पडलेली गिरणी, मोडका कारखाना, पाण्याने भरलेली जुनी खदान. मोबाईलवर व्हिडिओ येतो. खोल खड्डा, उभे कडे, तळाशी हिरवंगार पाणी, मागे घाबरवणारं संगीत, आणि वर लिहिलेलं असतं, 'इथे आता कोणीच राहत नाही.' हजारो जण ते बघतात आणि पुढे सरकतात.

मला या वेडाबद्दल तक्रार नाही. फिरलं पाहिजे, बघितलं पाहिजे. तक्रार आहे ती 'इथे आता कोणीच राहत नाही' या वाक्याबद्दल. जागा आपोआप ओसाड पडत नसते. आधी तिथे कोणीतरी आणलेलं असतं, राबवलेलं असतं आणि काम संपल्यावर वाऱ्यावर सोडलेलं असतं. ती माणसं कोण होती, त्यांची जात कोणती होती, आज ती कुठे आहेत, हे विचारल्याशिवाय केलेली भटकंती म्हणजे नुसता तमाशा बघणं.

अमेरिकेत अशा गावांना 'भुतांची गावं' म्हणतात. कॅलिफोर्नियातलं बोडी हे त्यातलं प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोन्यासाठी तिथे हजारो माणसं जमली. सोनं आटलं, गाव रिकामं झालं, आणि १९६२ साली सरकारने ते आहे तसं जपायला घेतलं. आज पर्यटक खिडक्यांच्या काचांतून धुळीने माखलेली टेबलं बघतात. त्याच गावात चिनी मजुरांची वेगळी वस्ती होती. १८८२ साली अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना देशाचे दरवाजे बंद केले. आणि ती जमीन त्याआधी पायूट आदिवासींची होती. भुतांच्या गावात भुतंसुद्धा गोऱ्यांचीच दाखवली जातात, बाकीच्यांना भूत व्हायचाही मान मिळत नाही.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? अंधेरी, कांदिवली, मालाड, चांदिवली, पवई, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात आपण राहतो, कामाला जातो, जयंतीची मिरवणूक काढतो. हा सगळा पट्टा कधीकाळी खाणकामाचा होता. सोन्याचा नव्हे, दगडाचा. मुंबई ज्या दगडाने बांधली गेली, त्या दगडाची गावं इथे होती.

शहराचा दगड आला कुठून?

दक्षिण मुंबईत वारसा दाखवायच्या फेऱ्या निघतात. राजाबाई टॉवर जवळच्याच कुर्ल्याच्या पिवळसर दगडात बांधला. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याचा करडा दगड आणि मालाडचा पिवळसर दगड आहे. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळा दगड मालाडजवळच्या खारोडीचा. फेरीतला मार्गदर्शक ही नावं भराभर सांगतो. वास्तुविशारद कोण, देणगी कोणाची, कोनशिला कोणत्या लाटसाहेबाने बसवली, तेही सांगतो. 'कुर्ला दगड', 'मालाड दगड' हे मात्र शिंपल्याच्या जातीसारखं म्हणून जातो. जणू तो दगड आपला आपण चालत आला.

सगळ्यात मोठं उदाहरण कांदिवलीचं आहे. १९२० साली मुंबई सरकारने विकास खातं काढलं. गव्हर्नर लॉइड यांच्या काळातला हा उद्योग. बॅकबेचा समुद्र बुजवून १,१४५ एकर जमीन काढायची, असा बेत होता. समुद्र बुजवायला डोंगर लागतो. तो डोंगर सापडला कांदिवलीच्या पूर्वेला, पारन टेकडी. टेकडी फोडायची, दगड-माती रेल्वेने दक्षिणेला न्यायची आणि समुद्रात टाकायची. त्यासाठी रेल्वेचा वेगळा फाटा टाकला गेला. मजूर आणले गेले आणि स्टेशनच्या आसपास त्यांची वस्ती झाली. आजच्या कांदिवलीची सुरुवात शोधायला निघालात तर मॉल सापडणार नाही, मजुरांची वस्तीच सापडेल.

योजना पुढे भ्रष्टाचार आणि उधळपट्टीने बदनाम झाली. के. एफ. नरिमन यांनी ती चव्हाट्यावर आणली, त्यांच्यावर खटला झाला, ते सुटले. हा भाग इतिहासात आहे, त्यांच्या नावाने मुंबईत नरिमन पॉइंटही आहे. बेत आखलेल्या आठ तुकड्यांपैकी निम्मेच पुरे झाले. त्या भरावाच्या जमिनीवर पुढे देखण्या आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या आणि २०१८ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हटलं. टेकडी फोडणाऱ्यांच्या नावाने काय आहे? चौक नाही, गल्ली नाही, पाटीही नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांनी खास लक्षात ठेवावी. ज्या विकास खात्याने कांदिवलीची टेकडी फोडली, त्याच खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी बांधल्या. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्या २०७ चाळींत आपली चळवळ वाढली, सभा झाल्या, समता सैनिक दल उभं राहिलं. आपण त्या चाळींचा इतिहास लिहितो, आणि तो लिहिलाच पाहिजे. पण त्याच खात्याच्या दुसऱ्या टोकाला, खदानीवर, जी माणसं होती त्यांचा इतिहास आपणही लिहिलेला नाही. गिरणीच्या कामगाराला युनियन मिळाली, शाहीर मिळाला, संशोधक मिळाला. खदानीच्या कामगाराला यातलं फार थोडं मिळालं.

शहराच्या गावकुसाबाहेर

हे असं का झालं? कारण खदान शहराच्या हद्दीबाहेर होती. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरीपर्यंत गेली आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत. त्याआधी हा सगळा भाग म्हणजे शहराची वेस. शहराला जे जे लागतं पण दारात नको असतं, ते ते वेशीबाहेर. कत्तलखाना, कचरा, चामड्याचं काम, दगडाची धूळ आणि सुरुंगाचा आवाज.

ही मांडणी आपल्याला ओळखीची आहे. गावाला महारवाडा लागतो, मांगवाडा लागतो, पण गावकुसाबाहेर. शहराने गावाचाच नियम उचलला, फक्त कुसाच्या भिंतीऐवजी महापालिकेची हद्द आली. पुढे शहर वाढलं, हद्द सरकली आणि खदानीची जागा एकदम मोलाची झाली. मग खदानही नको झाली आणि खदानीवरची माणसंही.

खदानीवर होतं कोण? सर्वांत आधी नाव घ्यावं लागतं वडार समाजाचं. गाडी वडार दगड वाहणारे, माती वडार मातीकाम करणारे, जाते वडार जाती-पाटे घडवणारे. महाराष्ट्रातले बांध, धरणं, रस्ते, रेल्वेचे भराव यांत या समाजाचा घाम आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि कित्येक भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं टिकला आणि १९५२ साली गेला. वडार आज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहेत. हाच समाज कर्नाटकात भोवी या नावाने अनुसूचित जातींत मोडतो. राज्याची रेषा ओलांडली की पाटीवरचा दगड तोच, हातातला घण तोच, पण हक्क वेगळा.

त्यांच्या जोडीला मराठवाड्यातून, सोलापूर-सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेली दलित आणि इतर भूमिहीन कुटुंबं होती. १९७२ चा दुष्काळ आठवा. दुष्काळी कामावर गावंच्या गावं खडी फोडायला बसली होती. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हातावरचे घट्टे दाखवतील. त्यानंतर मुंबईला आलेल्या माणसाला शिक्षण नव्हतं, गिरणीत ओळख नव्हती, पण खडी फोडायची माहिती होती. खदान त्याला दारातच उभी होती.

खदानीचं काम सगळी घरंच्या घरं करत. पुरुष पहार लावणार, भोक पाडणार, सुरुंग उडाला की घणाने मोठे चिरे फोडणार. बाई सुतकीने खडी करणार, घमेल्याने गाडी भरणार. पोरं दगड वेचणार. खडी मशीन आलं तशी धूळ दसपट झाली. मजुरी महिन्याची नाही, ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी पुढचा हंगाम राबायचं. झोपडी खदानीच्या कडेलाच, मालकाच्या जागेवर. म्हणजे काम गेलं की घरही गेलं. ज्या वस्तीत घर, काम, कर्ज आणि मालक एकच असतो, तिथे संघटना बांधणं किती अवघड आहे, हे वस्तीत काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अण्णा भाऊंनी लिहून ठेवलेली खदान

इतिहासकारांनी जे केलं नाही ते एका साहित्यिकाने केलं. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले, पुढे गोरेगावच्या सिद्धार्थनगरात गेले. उपनगरांचा हा माणूस. त्यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी शाळा-कॉलेजात वाचली आहे. कथेत काय आठवतं? रात्रीचं स्मशान, प्रेतं उकरणारा भीमा, कोल्ह्यांशी झुंज. भयाची गोष्ट म्हणून ती आठवते.

पण ती मुळात खदानीची गोष्ट आहे. वारणाकाठचा भीमा पोट भरायला मुंबईच्या उपनगरात येतो आणि खदानीत कामाला लागतो. धिप्पाड माणूस, डोंगर फोडतो, बायको-पोरीला जगवतो. एक दिवस खदान बंद पडते. त्याला कोणी आधी सांगत नाही, नुकसानभरपाई नाही, दुसरं काम नाही. मग तो मढ्यांच्या राखेतलं सोनं वेचायला लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटं गमावून बसतो. आणि नेमकी तेव्हाच बातमी येते की खदान पुन्हा सुरू झाली. डोंगर फोडणारा तो माणूस पोरासारखा रडतो, कारण ज्या हातांनी घण धरायचा ते हात आता राहिले नाहीत.

खदान बंद होणं म्हणजे काय, याचं इतकं नेमकं विवेचन मला समाजशास्त्राच्या एम. ए. च्या पुस्तकांत सापडलं नाही. खदान मालकाच्या हिशेबाने उघडते आणि मिटते. मजुराचं शरीर मात्र एकदाच मिळालेलं असतं. कथेतल्या नायकाचं नाव भीमा आहे, हेही आपण विसरू नये. याच अण्णा भाऊंनी १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं आणि 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केली.

'गौण' हा शब्द

आता कायद्याकडे येऊ. आपल्या देशात खनिजांचे दोन वर्ग आहेत. कोळसा, लोखंड, मँगनीज ही प्रमुख खनिजं. वाळू, मुरूम, बांधकामाचा दगड ही गौण खनिजं. १९५७ च्या खनिज कायद्याने गौण खनिजांचे नियम करायचा अधिकार राज्यांना दिला. तहसील कार्यालयात गेलात तर 'गौण खनिज शाखा' अशी पाटी दिसते. ब्रासमागे स्वामित्वधन ठरलेलं असतं, वाहतुकीचा परवाना असतो, चोरी पकडली तर दंड असतो.

म्हणजे सरकारने दगडाचा हिशेब ब्रासपर्यंत ठेवला. दगड फोडणाऱ्यांचा हिशेब कोणी ठेवला?

१९५२ चा खाण कायदा होता. त्यात कामाचे तास होते, सुरक्षा होती, आरोग्य होतं. पण बांधकामाच्या दगडाची उघडी खाण सहा मीटरपेक्षा खोल नसेल, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसं नसतील आणि सुरुंग वापरत नसतील, तर त्या कायद्याच्या बहुतेक तरतुदी तिला लागूच होत नसत. कागदावर हे छोट्या खाणीसाठी होतं. प्रत्यक्षात मोठ्या खाणीलाही हजेरीपटावर छोटं होता येत होतं. एका मुकादमाकडे चाळीस माणसं, दुसऱ्याकडे चाळीस. उचलीवर राबणाऱ्या कुटुंबात नाव एकट्या पुरुषाचं, बायको आणि पोरं 'मदतीला'. खनिज गौण ठरलं, तशी माणसंही गौण ठरली.

इथे बाबासाहेबांचं काम आठवणं भाग आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. आपण घटनाकार बाबासाहेब सांगतो, मजूरमंत्री बाबासाहेब कमी सांगतो. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींवर गेले, खाली उतरून कामगार कसे राबतात आणि कसे राहतात ते स्वतः पाहिलं. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर लावायचा आणि तो पैसा कामगारांची घरं, दवाखाना, पाणी, शिक्षण यांवर खर्च करायचा, ही त्यामागची कल्पना. खाणीतल्या बाळंतिणींना मिळणाऱ्या लाभाच्या कायद्यात त्यांच्याच काळात सुधारणा झाली. युद्धाच्या गरजेने बायकांना भूगर्भात उतरवण्यावरची बंदी उठवली गेली, तेव्हा बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व त्यांनी धरून ठेवलं. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली.

यातला विचार सरळ आहे. जमिनीतून जे निघतं, त्यातला वाटा ते काढणाऱ्याच्या घरात गेला पाहिजे. कोळशापुरता तो विचार निधीच्या रूपाने उतरला. कांदिवली-चांदिवलीच्या दगडापर्यंत तो पोचला असता, तर प्रत्येक ब्रासमागे खदानीवरच्या पोरांसाठी शाळा झाली असती. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींवर 'संतुलन' या संस्थेने पाषाण शाळा चालवल्या, त्या सरकारला सुचायला हव्या होत्या.

कोलार : दुसरं उदाहरण, दुसरा शेवट

खाण बंद पडल्यावर काय होतं याचं देशातलं मोठं उदाहरण म्हणजे कर्नाटकातलं कोलार, म्हणजे केजीएफ. २०१८ च्या सिनेमामुळे हे नाव पोरापोराला माहीत झालं. सिनेमात गुलाम मजुरांची काल्पनिक खाण आहे आणि त्यांना सोडवायला बाहेरून एक नायक येतो.

खऱ्या केजीएफचा इतिहास याच्या उलट आहे. १८८० च्या सुमारास जॉन टेलर कंपनीने तिथे सोनं काढायला सुरुवात केली. खाली उतरणारे कामगार बहुसंख्येने तमिळ दलित होते, गावातल्या जमीनदाराच्या जाचातून निघून आलेले. तीन किलोमीटरपेक्षा खोल, भाजून काढणाऱ्या उष्णतेत ते राबले. १९०२ साली खाणींसाठी शिवसमुद्रमहून वीज आणली गेली. म्हणजे गोऱ्यांच्या बंगल्यात दिवा पेटला तेव्हा देशातल्या कित्येक मोठ्या शहरांतही वीज नव्हती. पण ते कामगार मुके नव्हते. बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध १९३० साली त्यांनी मोठा संप केला. बाबासाहेबांचा विचार तिथे खोल रुजला, रिपब्लिकन पक्षाचे आमदार तिथून निवडून आले. त्यांना सोडवायला कोणी नायक आला नाही. त्यांनीच संघटना बांधली.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. आज तिथे सायनाईडच्या मातीचे डोंगर आहेत, मोडकळीला आलेल्या कामगार वसाहती आहेत, आणि रोज पहाटे रेल्वेने बंगळुरूला कामाला जाणारी खाण कामगारांची मुलं-नातवंडं आहेत. सिनेमावाले त्याला भुताचं गाव म्हणतील. पण तिथली माणसं आहेत, बोलतात, हक्क मागतात. केजीएफच्या लोकांपाशी निदान कंपनीची नोंद आहे, वसाहतीतल्या घराचा क्रमांक आहे, युनियनचा इतिहास आहे. आमच्या खदानीवरच्या माणसांकडे तेही नाही. म्हणून ती जास्त सहज पुसली गेली.

खदान संपली, मग?

गेल्या काही दशकांत उपनगरांतल्या खदानी एकेक करून बंद पडल्या. पवई-चांदिवलीच्या डोंगरात आज टॉवर उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा एकसंध खांब, ६१ मीटर उंच. भोवतालचा डोंगर फोडून नेल्यामुळे तो असा एकटा उभा दिसतो. पायथ्याशी आज इमारती आणि झोपड्या आहेत.

खदानीचा तळ सपाट, तो बिल्डरला. कडे आणि उतार निसरडे, ते गरिबाला. हे कोणी सभा घेऊन ठरवलं नाही, पण वाटणी अशीच झाली. मग पावसाळ्यात काय होतं ते आपण मोजत आलो आहोत. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळून साठहून जास्त माणसं गेली. २६ जुलै २००५ ला साकीनाक्याला डोंगर खाली आला, सत्तरच्या आसपास बळी गेले. जुलै २०२१ मध्ये एका रात्रीत चेंबूरचं भारतनगर आणि विक्रोळीचं सूर्यनगर. यातली प्रत्येक जागा खदानच होती असं माझं म्हणणं नाही. पण कापलेल्या डोंगराखाली कोण राहतं, हा प्रश्न सगळीकडे एकच आहे. उत्तरही एकच आहे.

आणखी एक धागा बघा. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या पाडायला सुरुवात झाली. पर्यावरण वाचलं पाहिजे, यावर कोणाचं दुमत नाही. पण डोंगर पोखरला खदानवाल्याने आणि आरोपी झाला झोपडीवाला. निवारा हक्क समितीच्या लांब लढ्यानंतर हजारो कुटुंबांना घरं मिळाली ती चांदिवलीला, जुन्या दगडखाणींच्या जमिनीवर. वस्तीचं नाव लोकांनी ठेवलं संघर्षनगर. ज्या खड्ड्याला आपण ओसाड म्हणतो, तिथे हाकललेल्या माणसांनी नवं गाव वसवलं. सगळ्यांना मात्र घर मिळालं नाही. जुलै २०१९ मध्ये मालाडच्या पिंपरीपाडा-आंबेडकरनगरात जलाशयाची भिंत कोसळली आणि तीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा मागे राहिलेल्यांत पुनर्वसनाची वर्षानुवर्षं वाट पाहणारी कुटुंबंही होती.

नाव कोरणारी परंपरा

कोणी म्हणेल, मजुरांची नावं कोण लिहून ठेवतं? जगात कुठेच ठेवत नाहीत. हे खरं नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या दारातच आहे.

बोरिवलीच्या डोंगरात कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी, पाण्याच्या पोढी, चैत्यगृह. सुमारे हजार वर्षं ते भिक्खूंचं गाव होतं. तेही पुढे ओसाड पडलं. तिथल्या चैत्यगृहातला, सातवाहन काळातला शिलालेख वाचा. त्यात दान देणाऱ्या व्यापारी भावांचा उल्लेख आहे, कामावर देखरेख करणाऱ्या भिक्खूंचा आहे, आणि पाथरवटांचा आणि दगडाला झिलई देणाऱ्याचाही आहे. कार्ल्याला जा. चैत्याच्या दाराचं काम करणारा धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याचं नाव दगडात आहे. कोंडाण्याच्या लेण्यात कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं असं कोरलेलं आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे.

मी हे रंगवून सांगत नाही. लेण्यांनाही राजे आणि सावकारांचं दान होतं, आणि दगड फोडणाऱ्या प्रत्येकाचं नाव तिथे कोरलेलं नाही. पण हात लावणाऱ्याचं नाव पवित्र जागी कोरता येतं, त्याने ती जागा विटाळत नाही, एवढं त्या परंपरेला कळत होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा सुतार सामी आपल्याला बापाच्या नावासकट माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वी कांदिवलीची टेकडी फोडणारा एकही माणूस आपल्याला नावाने माहीत नाही. पुढे गेलं कोण आणि मागे गेलं कोण, ते तुम्हीच ठरवा.

आपण काय करायचं?

काही कार्यकर्ते मला विचारतात, वडारांचा प्रश्न आपण का घ्यायचा, ते कुठे आपल्यात येतात? या प्रश्नातच आपली हार आहे. श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच वाटणी करते ती जात, हे बाबासाहेबांनी शिकवलं. खदानीवर वडार, बौद्ध, मातंग एकाच सुरुंगाच्या धुळीत राबले आणि संध्याकाळी वेगवेगळ्या पाण्यावर गेले. ती वाटणी आपणही चालू ठेवली, तर मुकादमाचंच काम आपण फुकट करतोय.

म्हणून पहिलं काम कागदाचं. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० आणि विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो. दर काही वर्षांनी खदान बदलणाऱ्या, मालकाच्या जागेवर झोपडी टाकलेल्या कुटुंबाने हा पुरावा आणायचा कुठून? आजोबा शाळेत गेले नाहीत, सातबारा नाही, भाडेपावती नाही. ज्यांनी शहराला दगडाचा पुरावा दिला, त्यांच्याकडे स्वतःच्या असण्याचा पुरावा नाही. पोरगी बारावीला चांगले गुण मिळवते आणि दाखल्यासाठी अडते. प्रत्येक वस्तीतल्या आपल्या मंडळाने अशा कुटुंबांची यादी करावी, जुनी रेशनकार्डं, शाळेचे दाखले, मतदार याद्या, गावाकडच्या नातेवाइकांच्या नोंदी एकत्र कराव्यात. हे काम मिरवणुकीइतकं दिसत नाही, पण घर उभं करतं.

दुसरं काम आठवणींचं. खदानीत काम केलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या हातात मोबाईल आहे. ड्रोन उडवण्याआधी तो त्या म्हाताऱ्या बाईसमोर धरा. कोणत्या गावाहून आलात, मुकादम कोण होता, ब्रासला काय मिळायचं, सुरुंगात कोण गेलं, खदान मिटली त्या दिवशी काय केलंत, हे विचारा. तिच्या परवानगीने जपून ठेवा. तिचं नाव लिहायचं की नाही, हे तिला ठरवू द्या.

तिसरं काम मागणीचं. पुण्यात कोंढव्याला 'खडी मशीन चौक' आहे, निदान नावापुरती आठवण आहे. कांदिवली, मालाड, कुर्ला इथे दगडखाण कामगारांची आठवण सांगणारा एक फलक महापालिकेने लावावा. गेटवेवर, वस्तुसंग्रहालयात जिथे दगडाचं नाव येतं, तिथे तो फोडणाऱ्या समाजांचंही नाव यावं. आणि मुंबईत खाणी संपल्या म्हणून विषय संपलेला नाही. आजच्या टॉवरची खडी शहराच्या नव्या वेशीबाहेरून येते, आणि तिथेही घण धरणारे हात त्याच घरांतले आहेत.

भटकंती जरूर करा. खदानीच्या काठावर उभे राहा, पाण्याजवळ जाऊ नका, कडे निसटतात. पण तिथून मागे वळून वस्तीतही जा. ओसाड जागेचा मालक कोण हे सातबारा सांगेल. तिचा इतिहास कोणाचा, हे वस्ती सांगेल.

जय भीम.